हाताची घडी

३ नोव्हेंबर

प्रिय ताई,

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. रागावलीस तरी तुझं उत्तर माझ्यापर्यंत येईतो एक मुक्काम हललेला असतो, तोवर राग निवलेला असेल.

आमचं बरं चाललंय. म्हणजे तंबू उभा आहे. मागच्या मुक्कामावर बँडवाले सोडून गेले. ट्रम्पेटवाला तर खेळाच्या मधल्या सुट्टीतच गेला, सर्कसच्या टोपीसकट. आता बँड म्हणजे एक म्हातारा अ‍ॅकॉर्डियनवाला आणि ड्रमवर मी. हसू नकोस. जाळी सांधायची, कपडे शिवायचे, तिकिटं फाडायची आणि भिंगरी झुल्यावर गेली की ड्रम घुमवायचा. ती फळीवरून सुटल्यापासून तिला झेलेपर्यंत हात थांबवायचा नाही, थांबला तर वरच्यांचा ताल चुकतो. पोटची पोर हवेत आणि आई खाली वाजवतेय! जोकरकाका म्हणाला, "वहिनी, तुम्ही वाजवता तेव्हा मला बघायचीच भीती वाटते." म्हणाला आणि स्वतःच जीभ चावली. तंबूत तो शब्द काढला की बाहेर जाऊन पुन्हा आत यायचं, हे तू विसरली नसशील. गेला बिचारा बाहेर, भर चिखलात.

वाघ गेले, घोडे गेले, सायकलवाल्या मुली लग्न करून गेल्या. लोक येतात ते झुला बघायला. झुल्यावर दोघंच उरलेत, हे झेलणार आणि आपली भिंगरी उडणार. बापलेकीवर सगळी सर्कस लटकलीय म्हण ना.

पण एक होतंय. साधी झेप हे तिला घेतात. दुहेरी कोलांटीची वेळ आली की मात्र हाताची घडी घालतात. उलटे लटकलेले, झुलतायत, आणि ऐन वेळी दोन्ही हात छातीवर. दांडा सोडू नकोस, परत जा. ती खूण तुझ्याइतकी कोण ओळखणार! पोरगी तशीच फळीवर परत येते आणि लोक शिट्ट्या मारतात. मागच्या हिवाळ्यात हेच तिला ती कोलांटी सहज घेत होते. तिने विचारलं तर म्हणाले, "अजून तयारी नाही तुझी." ती दोन दिवस जेवली नाही. पंधराव्या वर्षी नाक केवढं असतं, तुला ठाऊकच आहे.

जाता जाता, तुझ्या शेजारी ती नर्स राहते ना? तिला विचार, हाताची बोटं सारखी बधिर होत असतील, धरलेली वस्तू कळायच्या आत सुटत असेल, तर काय लावायचं. माझ्याच हाताचं आहे. ड्रममुळे असेल.

पुढचा मुक्काम गिरणीच्या गावात. पत्र तिथल्या पोस्टात ठेवायला लिही.

तुझी,
बारकी


११ नोव्हेंबर

बारके,

आधी हाताचं. नर्सबाई म्हणते लावायचं काही नाही, दाखवायचं. मानेतली नाहीतर खांद्यातली नस दबली तर असं होतं. ओझं उचलू नकोस, आणि त्या हाताच्या भरवशावर काही धरू नकोस. हे तिचे शब्द, तेव्हा गरम तव्याची काळजी घे आणि ड्रम दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घाल.

आता दुसरं. तुझं पत्र मी शिवणखात्यात, जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि हातातला घास खाली ठेवला. पुन्हा तीच घडी! मी सोळा वर्षांची होते. तंबू भरलेला, बाबा उलटे लटकलेले, आणि त्यांनी सगळ्या गावासमोर छातीवर हात बांधले. मी फळीवर परत आले. वरच्या रांगेतून एक बाई ओरडली, "घरी जा गं!" त्यानंतर रोज तेच. विचारलं तर एकच उत्तर, अजून तयारी नाही तुझी. शेवटी मी खरंच घरी गेले. म्हणजे आधी घर शोधावं लागलं.

तयारी नाही! बारके, हे वाक्य मी आयुष्यात किती तोंडांतून ऐकलंय. कारखान्यात मोठ्या मशीनवर बायकांना बसवत नव्हते, का, तर तयारी नाही. आम्ही अर्ज केले, विनवण्या केल्या. मग एका सकाळी विचारणंच सोडलं आणि जाऊन बसलो. मशीन चालली. मुकादम बघत राहिला आणि महिन्याभराने तोच म्हणू लागला, मी यांना शिकवलं. शाळेत आपल्याला काय शिकवलं? हाताची घडी, तोंडावर बोट. मोठे झालो तरी तेच. फरक इतकाच की आता घडी ते घालतात आणि बोट आपल्या तोंडावर असतं. जग आधी परवानगी देत नाही. जागा घेतली की मागाहून मान डोलावतं.

तुझा नवरा वाईट नाही, हे मला माहीत आहे. चांगल्या माणसांची घडीच जास्त घट्ट असते. पोरगी आपल्या पुढे गेली तर आपण कोण उरतो, याचा धसका आहे तो, दुसरं काही नाही.

सोबत भिंगरीसाठी चिठ्ठी आहे. तू वाचू नकोस, मावशी-भाचीचं खाजगी आहे.

तुझी,
ताई


११ नोव्हेंबर

लाडक्या भिंगरी,

तुझ्या आईने मला सगळं लिहिलंय. मान खाली घालून फळीवर परत येताना काय वाटतं, ते मला कुणी सांगायला नको. मी त्या फळीवर उभी राहिलेली आहे.

तुझी तयारी झालेली नाही, असं तुला वाटतं का? खरं उत्तर दे, मला नाही, स्वतःला. उत्तर "झाली आहे" असेल, तर पुढचं ऐक. माझ्या बाबांनी हात बांधले तेव्हा मी दांडा धरून राहिले. आजवर मला एकाच गोष्टीची हळहळ आहे, की मी तो सोडला नाही. सोडला असता तर? मुलगी हवेत आल्यावर कोणता बाप हात उघडणार नाही?

तुझ्या बाबांचे हात जगात सगळ्यांत पक्के आहेत, हे त्यांचे शत्रूही सांगतील. ते तुला पडू देणारच नाहीत. त्यांना फक्त निवडायची वेळ आणून दे.

तुझी,
मावशी


१९ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

तुझी चिठ्ठी मी कमरपट्ट्याच्या आत शिवून घेतलीय. आईचीच सुई आणि आईचाच दोरा, तिला पत्ता नाही.

मी स्वतःला विचारलं. उत्तर "झाली आहे" असंच आलं. जोकरकाकालाही विचारलं. तो म्हणाला, "तुझी तयारी तर आईच्या पोटातच झाली होती, लाथा काय कमी मारल्यास?" पण तो सगळ्यांना गोड बोलतो.

बाबा माझ्यावर का रागावलेत ते मला कळत नाही, मावशी. पूर्वी माझ्या मनगटाच्या पट्ट्या तेच बांधायचे. इतक्या नेमक्या बांधायचे की सोडताना वाईट वाटायचं. आता म्हणतात, "मोठी झालीस, तूच बांध." जेवतातसुद्धा आमच्याकडे पाठ करून. परवा मी मुद्दाम समोर जाऊन बसले तर ताट उचलून ट्रकमागे गेले. खेळाआधी खाली उभं राहून एकमेकांची मनगटं आवळून बघायची असतात ना, तेही हल्ली घाईघाईत, एकाच हाताने. जणू मला हात लावायचीच त्यांची इच्छा नाही.

म्हणून ठरवलंय. इथून आम्ही बंदराच्या गावी जातोय. रविवारी तिथला पहिला खेळ. पहिल्या खेळाला तंबू भरतो. दुहेरीची वेळ येईल, बाबा हात बांधतील, आणि मी सोडणार. त्यांनी मला घेतलं की सगळ्या गावासमोर त्यांना कळेल. आणि मला वाटतं, मग ते मला पट्ट्या बांधून देतील.

कधी कधी फळीवर उभी असताना मी दांडा उगाच पुन्हा पुन्हा पुसत बसते. का, तो शब्द लिहीत नाही, कारण मी तंबूत बसून लिहितेय आणि बाहेर ऊन फार आहे.

आईला सांगू नकोस.

तुझीच,
भिंगरी


२० नोव्हेंबर

ताई,

मी तुझ्याशी खोटं बोलले. हात माझा नाही. ह्यांचा आहे.

तंबूचा मोठा खांब उतरवताना तो ह्यांच्या खांद्यावर आला. माणसं कमी, मग झेलणारा माणूसच खांबाखाली उभा राहतो. आठवडाभर शेकलं आणि दुखायचं थांबलं. आम्हाला वाटलं, सुटलो. मग एके सकाळी हातातून चहाचा कप पडला. म्हणाले, कप ओला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडला. तेव्हाही ओला होता. आता मी ह्यांना पत्र्याच्या मगमध्ये देते आणि आम्ही दोघं त्याविषयी बोलत नाही. सदऱ्याची बटणं मी लावते. जेवताना डावा हात वापरतात म्हणून पाठ करून बसतात, पोरीला दिसू नये म्हणून.

साधी झेप ती अलगद घेते, डाव्या हातावर निभतं. दुहेरीत ती जोराने येते. तो झटका उजव्या हाताशिवाय पेलायचा नाही. म्हणून ही घडी. तू लिहिलंस, ह्यांना कसला तरी धसका आहे. आहे ताई, पण तू म्हणतेस तो नाही. त्या बांधलेल्या हातांवर माझं लेकरू जगतंय. रोज संध्याकाळी मी ड्रम घुमवते आणि मनात एकच म्हणत असते, बांधा हो हात, बांधा लवकर. बांधले की मला श्वास येतो. लोक शिट्ट्या मारतात, आणि त्या शिट्ट्या मला गोड वाटतात.

जाळी आहे, म्हणशील. ती जाळी मी सांधते, मला विचार. कडेचा दोर उन्हापावसाने कुजलाय, बोटाने कुरतडला जातो. मी त्याला आतून चिंधी भरलीय आणि वरून रंग दिलाय. मालक म्हणाले, छान दिसतेय.

मालकांना सांगायचं नाही, अशी ह्यांनी शपथ घातलीय. झुला बंद म्हणजे तंबू बंद. कुठे जातील सगळे? अ‍ॅकॉर्डियनवाल्याला तर डोळ्यांनी दिसतही नाही. आणि पोरीला सांगायचं नाही, कारण कळलं तर ती वर जाताना बिचकेल, आणि बिचकलेलं पोर साध्या झेपेतही चुकतं. तंबूत त्या शब्दाला बंदी का आहे, ते आता मला कळतंय. शब्द काढला तर सगळेच बाहेर जातील, आणि आत परत येणार नाहीत.

मी रात्रंदिवस घाबरलेली आहे, ताई. हे लिहायला मी मैदानाबाहेर, पाण्याच्या नळाजवळ येऊन बसलेय. तू वाच, जवळ ठेव. भिंगरी शहाणी आहे. आज्ञेबाहेर पाऊल टाकायची नाही, एवढाच आधार आहे.

बारकी


२४ नोव्हेंबर

बारके,

तुझं आणि भिंगरीचं पत्र एकाच टपालाने आलं. आधी तिचं वाचलं. हसत वाचलं, हे मला जन्मभर आठवणार आहे. मग तुझं उघडलं.

ऐक. रविवारी पोरीला वर जाऊ देऊ नकोस. तुझा नवरा हात बांधील आणि ती तरीही दांडा सोडणार आहे. मी सांगितलं तिला. माझी चिठ्ठी तिच्या कमरपट्ट्यात आहे, उसवून बघ. तिला त्याचा हात दाखव. कप दाखव. बटणं दाखव. काहीही कर.

बंदराच्या गावी तार केली, ती परत आली. सर्कस नाही, असं पोस्टाने कळवलं. म्हणून मी स्वतःच निघाले आणि आत्ता त्याच गावातून लिहितेय. मैदान रिकामं आहे. भिंतींवर तुमची जाहिरात आहे. निळ्या आभाळात भिंगरी, दोन्ही हात पसरलेले, खाली "या रविवारी". चित्रात झेलणारा काढलेलाच नाही. नगरपालिकेचा शिपाई म्हणतो, मैदान ऐन वेळी नाकारलं, ट्रक पुढे गेले. कुठे? त्याने हात हलवून दाखवलं, तिकडे. तिकडे तीन रस्ते आहेत, बारके!

पोस्टमास्तर भला माणूस आहे. तिन्ही रस्त्यांवरच्या पोस्टांत तार करतो म्हणाला. हे पत्रही तो पुढे धाडेल. मी पहिली मिळेल ती बस धरतेय. चुकीची असेल तर उतरून दुसरी धरेन.

कारखान्याच्या सभेत हजार माणसांसमोर मी कधी अडखळले नाही. आज स्टँडवर एका पोराने फुगा फोडला आणि मी खालीच बसले.

ताई


२ डिसेंबर

ताई,

तुझी तार सोमवारी आली, पत्र त्यानंतर. खेळ रविवारी झाला होता. तू तिसऱ्याच रस्त्याला लागली होतीस, हे पोस्टमास्तरने कळवलं. इकडे येऊ नकोस. आत्ता मला तुझं तोंड बघवणार नाही. भिंगरी जिवंत आहे. पुढचं ते वाचल्यावर वाच.

खाणीच्या गावात तंबू लावला. भरला. साधी झेप झाली. दुहेरीची वेळ आली, ह्यांनी हात बांधले, आणि मी नेहमीसारखा श्वास सोडला. ताई, तेवढ्यात तिने दांडा सोडला.

ती हवेत दोनदा फिरली. इतकी सुंदर फिरली! ह्यांनी हात उघडले. उघडायला उशीर झाला होता. उजवा हात तिच्या मनगटावरून नुसता घसरला, जसं कुणी कुणाला निरोप देतं. डाव्याने धरलं. एका हातावर ती लोंबकळत राहिली, आणि दोघं तसेच झुलत राहिले. ह्यांचा चेहरा उलटा असतो ना, सगळं रक्त तोंडावर आलेलं. ते तिला सांगत होते, "कडेला नको, मधे. मधे सोडतो." त्यांना कडेच्या दोराचं ठाऊक होतं. मधे सोडलं. जाळी तिला घेऊन थेट रिंगणातल्या भुशापर्यंत खाली आली, पण फाटली नाही. तिचा खांदा सुजलाय, कोपर सोललंय.

आणि माझे हात ड्रमवर चालूच होते. ती सुटली, लोंबकळली, पडली, तरी मी वाजवत होते. जोकरकाकाने येऊन काठ्या काढून घेतल्या. ह्या हातांची मला आता किळस येते.

पण ऐक, खरी गोष्ट पुढेच आहे. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, खेळच असा आहे. मालक धावत आत आले, डोळ्यांत पाणी. मला वाटलं, पोरीसाठी. म्हणाले, "हेच! बांधलेले हात, पोरगी सुटते, एका हातावर जीव! रोज हेच ठेवायचं." रंगारी नवी पाटी रंगवायलाही बसलाय. येत्या रविवारपासून.

हे हो म्हणाले. पोरगी हो म्हणाली. मी वाजवायला हो म्हणाले. तिघांनीही एकमेकांकडे न बघता हो म्हटलं. तिला कळलंय, ती बोटं तिच्या मनगटावर आली आणि धरेनात, हे तिला कळल्याशिवाय कसं राहील? ह्यांना कळलंय की तिला कळलंय. तरी सकाळी चहा नेहमीसारखाच. मी पत्र्याचा मग पुढे केला आणि तिने तो मग बघितला. खूप वेळ बघितला.

तुझी चिठ्ठी तिने माझ्या हातात दिली. "मावशीला बोलू नकोस, सोडलं मी" म्हणाली. तुझ्यापेक्षा मोठी आहे ती, ताई.

बारकी


६ डिसेंबर

बारके,

तू येऊ नकोस म्हणालीस, मी घरी परतले. दाराशी उभी करणार नसशील तिथे घुसायचा हक्क मला नाही.

माफी मागत नाही. ती फार स्वस्त पडेल. इतकंच सांगते, की माझ्या खोलीत तुम्हा तिघांना पुरेल एवढी जमीन आहे आणि दाराला मी कडी लावलेली नाही.

एक गोष्ट मनातून जात नाही. आपल्या बाबांनी माझ्यापुढे हात बांधले, त्या वर्षी आई त्यांच्या खांद्याला रोज काहीतरी चोळत असायची. तुला आठवतं का? मला परवा बसमध्ये आठवलं. त्या घडीवर मी सगळं आयुष्य उभं केलं, आणि आता विचारायला कुणी उरलेलं नाही.

भिंगरीला काय सांगू? मला शब्द कधी कमी पडले नाहीत. आज तिला काहीच सांगत नाही. तिला म्हणावं, मावशी घाबरलीय. हे पत्र तू तंबूत वाचत असलीस तरी बाहेर जाऊ नकोस.

ताई


१० डिसेंबर

प्रिय मावशी,

आईने तुझं पत्र मला वाचायला दिलं. तंबूतच वाचलं आणि बाहेर गेले नाही.

काल रविवार होता. नवी पाटी दारावर लावली होती, "एका हातावर जीव". चित्रात या वेळी बाबा आहेत, पण रंगाऱ्याने त्यांना मिशा काढल्यात. लोक इतके आले की मालकांनी बाकांमध्ये खोकी मांडली. वर जायच्या आधी आम्ही मनगटं आवळून बघितली. बाबांनी डावा हात पुढे केला. मी म्हटलं, "दुसरा." ते म्हणाले, "उशीर होतोय." मी म्हटलं, "बाबा, दुसरा." त्यांनी दिला. मी आवळला, त्यांनीही आवळला असावा. मला काही कळलं नाही. त्यांनाही नाही. मग आम्ही आपापल्या शिड्या चढलो.

फळीवरून सगळं लहान दिसतं. आई ड्रमशी होती. ती वर बघत नव्हती, काठ्यांकडे बघत होती. बाबा गुडघ्यांवर उलटे झाले आणि झुलायला लागले. मालकांनी ठरवून दिल्याप्रमाणे आधी हात बांधायचे आणि मी सुटले की उघडायचे. पण बाबांनी बांधलेच नाहीत. पहिल्यापासून दोन्ही हात उघडे, माझ्याकडे पसरलेले. मला वाटतं, त्यांनी ठरवलं होतं की निदान उशीर तरी होऊ द्यायचा नाही. ते मला म्हणाले, "हां!" म्हणजे ये. कितीतरी महिन्यांनी दुहेरीसाठी त्यांनी मला "हां" म्हटलं, मावशी. ह्याच एका शब्दासाठी मी जेवण टाकलं होतं.

तू लिहिलं होतंस, मुलगी हवेत आल्यावर कोणता बाप हात उघडणार नाही. खरं आहे. ते प्रत्येक वेळी उघडतील. तो हात खांद्यापासून गळून पडला तरी उघडतील. म्हणून मी दांडा बाजूच्या हुकाला अडकवला, फळीच्या टोकाशी आले आणि माझे हात बांधले.

उडणाऱ्याने घडी घालायची नसते. तशी खूणच नाही. त्यामुळे कुणालाच काही कळेना. बाबा दोनदा झुलून आले, "हां!" म्हणाले, पुन्हा म्हणाले. मी तशीच उभी. मालक खालून ओरडत होते. शिट्ट्या सुरू झाल्या. वरच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "घाबरली रे!" मी सगळ्या तंबूला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "हो! भीती वाटते!"

तेव्हा आईने ड्रम थांबवला. एकदम. इतकं शांत झालं की बाबांच्या झुल्याची कडी वाजताना ऐकू येत होती. हळूहळू तीही थांबली.

मी खाली उतरले. मग बाबा उतरले, एका हाताने शिडी धरून, सगळ्यांसमोर. शेवटच्या पायरीवर आईने त्यांना कमरेला धरलं. लोकांनी खोकी फेकली. जोकरकाका त्या खोक्यांमध्ये धडपडून पडला, उठला, पुन्हा पडला, आणि एवढा वेळ पडत राहिला की शेवटी लोक हसायला लागले. नंतर बघितलं तर त्याचे दोन्ही गुडघे फुटले होते.

मालक आमच्याशी बोललेले नाहीत. आज सकाळी तंबू उतरवला. पुढचं मैदान कुठलं, ते कुणाला सांगितलेलं नाही. असेल की नाही, तेही माहीत नाही. आई बोचकी बांधतेय, तुझ्या खोलीला खिडकी आहे का, असं विचारत होती. मला अजून भीती वाटतेच आहे, पण आता ती तिघांत वाटून घेतलीय.

निघण्याआधी सगळे चहाला बसलो, सगळी सर्कस, उघड्या मैदानात. आईने बाबांना काचेचा कप दिला. का, ते मला माहीत नाही, कदाचित पत्र्याचा मग बांधून ठेवला असेल. बाबांनी तो उजव्या हातात धरला आणि तो पडला. फुटला. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

बाबा म्हणाले, "कप कोरडा होता."

मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि माझ्या सुजलेल्या खांद्याची पट्टी डाव्या हाताने आणि दातांनी पुन्हा बांधून दिली. नेमकी नाही बसली. मी ती सोडलेली नाही.

तुझीच,
भिंगरी